एका गटाला एकच नाव

मारुती कोकरे, म्हणजे आमचे आप्पा, कॉम्प्युटरशी भांडायला लागले की शिरूरच्या मार्केट यार्डातली कबुतरं उठून घोड नदीपलीकडे नगर जिल्ह्यात जाऊन बसायची. आप्पांनी जेवणाचा डबा उघडला की परत यायची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं कबुतरांना विचारावं.

यार्डामागच्या दोन खोल्यांत साखर कारखान्याचं आमचं गटऑफिस. कारखाना लांब, दौंड तालुक्यात. ऑफिसात कारकून दोनच, आप्पा आणि मी. काम म्हणाल तर अगदी सरळ. कुठल्या शेतात कुणी कधी ऊस लावला ते लिहून ठेवायचं आणि ज्याची लागण आधी त्याला तोडीची चिठ्ठी आधी द्यायची. चिठ्ठी मिळाली की मुकादम टोळी घेऊन त्या रानात शिरणार. चिठ्ठी नाही, तर ऊस उभा. मार्च उजाडला की त्याला तुरा येणार, आतून पोकळ होणार, कारखान्याचा भोंगा बंद होणार आणि तुम्ही बांधावर बसून उसाकडे बघणार.

आप्पा मूळचे केंदूरचे. घरचा धंदा मेंढरांचा, शेती नंतर आली. त्यांचे वडील चारशे मेंढरं तोंडावरून ओळखायचे, असं आप्पा सांगत. मी नोकरीला लागलो तेव्हा ती चारशे होती. मी दहा वर्षं काढली तोवर सातशे झाली. पण आप्पांची स्वतःची स्मरणशक्ती मात्र खरोखरच भयंकर होती. नोंदवहीत न बघता सांगायचे, "तुझी लागण आषाढातली. तवा तुझ्या मोटरीचं स्टार्टर जळालं व्हतं, म्हनून दोन सऱ्या मागनं लागल्या." शेतकरी स्वतः विसरलेला असायचा. एकदा एकाला त्याच्या लग्नाची तारीखसुद्धा आप्पांनीच सांगितली, आणि बायकोसमोर सांगितल्यामुळे तो वाचला.

अशा माणसासमोर कारखान्यानं एक दिवस कॉम्प्युटर आणून ठेवला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा प्रोग्राम. आप्पांची नोंदवही कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली कारखान्यावर गेली.

पहिले आठ दिवस आप्पा नव्या सुनेकडं बघावं तसं त्या पडद्याकडं बघत होते. नवव्या दिवशी पहिली डरकाळी आली.

"आरं, ह्ये भाऊ खातंय!"

मी उठून बघितलं. खरंच खात होतं. आमच्याकडे एका गट नंबरात दोघे-तिघे भाऊ असणं यात काहीच नवल नाही. सातबारा एक, बांध वेगळे, चुली वेगळ्या, उसाच्या लागणी वेगळ्या. पण त्या प्रोग्रामला ते मान्यच नव्हतं. एका गटाला एकच नाव. थोरल्याची नोंद करून धाकट्याची केली की थोरला गायब. परत थोरला भरला की धाकटा गायब. जो शेवटी भरला जाईल, त्याचाच ऊस जगात आहे.

आप्पांनी कंपनीला फोन लावला. तिथं अनिकेत नावाचा मुलगा होता. आवाज असा गोड, की त्याला थेट गाळपाला घातला असता तर हंगाम दोन दिवस आधी आटोपला असता.

"सर, मी तुमचं तिकीट रेझ केलंय. आता त्याला प्रायोरिटी मिळेल."

"कुठली?"

"सर, चार असतात. पी-वन म्हणजे सगळं ठप्प. तुमचं पी-फोर आहे."

"का रं बाबा?"

"कारण सिस्टिम चालू आहे ना सर. तुम्ही दुसरं नाव टाकलं तर ती घेते."

"आन् पयलं खाती!"

"हो सर, पण घेते ना."

आप्पांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं असं बघितलं, की फोनला तोंड असतं तर त्यानं ते लपवलं असतं. मग शांतपणे विचारलं, "म्हंजी घराला आग लागली तर पी-वन. आन् जळून राख झाल्यावं?"

"मग इश्यू क्लोज होतो सर."

त्या पोरानं हे विनोदानं म्हटलं असतं तर आप्पांनी त्याला माफ केलं असतं.

तक्रारीला ते लोक तिकीट म्हणत. दर सोमवारी सकाळी दहाला आप्पा फोन लावणार आणि विचारणार, "तिकीट काढून चार म्हयने झाले. गाडी कुठं अडकली?" दर सोमवारी उत्तर एकच, नेक्स्ट रिलीजमध्ये. आणि ती रिलीज दर महिन्याला यायची बरं का. त्यात मात्र कंपनीनं कधी खाडा केला नाही. त्याबरोबर काय काय नवीन केलंय त्याची यादी यायची. ती यादी आप्पा ऑफिसच्या दारात उभं राहून, बाहेर बसलेल्या शेतकऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे.

"ऐका रं! हिरवं बटन निळं केलंय. चेरमनसायबांचा फोटू आता गोल फिरनार. ज्या शेतकऱ्याचा वाढदिवस आसंल त्याच्या नावावं फुगं उडत्याल. आन् डोळ्याला तरास हू नई म्हनून समदं काळं करायची सोय हाय."

"आन् माझ्या भावाचं?" गर्दीतून कुणीतरी विचारायचं.

"तुझ्या भावाचा वाढदिवस कवा हाय? नाव आसतं तर फुगा उडाला आसता बग."

एका महिन्यात तर कहर झाला. आमची तक्रार दोषांच्या यादीतून निघून वेगळ्याच यादीत गेलेली. यादीचं नाव होतं 'ज्ञात मर्यादा'. म्हणजे ठाऊक आहे, पण करणार नाही. आप्पांनी ते दोन शब्द सात वेळा वाचले. मग म्हणाले, "माझ्या बापानं लांडग्याला मेंढरू नेताना बगितलं आसतं, आन् 'ठाऊक हाय' म्हनून परत झोपला आसता, तर आमी आज केंदूरला नसतोच."

या सगळ्यात हालहाल झाले ते सुमनताईंचे. भीमेकाठच्या एका गावात त्यांचं आणि त्यांची जाऊ हौसाबाईंचं मिळून एकच गट. निम्मं हिचं, निम्मं तिचं. दोघींचं बोलणं बंद, कारण एका आंब्याच्या झाडाची फांदी कुणाच्या बाजूला झुकते यावर अकरा वर्षांपूर्वी मतभेद झाले होते. आता या प्रोग्रामनं दोघींना एकाच म्यानात कोंबलं. सोमवारी सुमनताई येऊन नाव घालून जायच्या. मंगळवारी हौसाबाईंना गावात कळायचं. बुधवारी पहिल्या एसटीनं त्या शिरूरला. गुरुवारी परत सुमनताई. दोघींच्या येण्याजाण्यानं त्या मार्गावरची एसटी फायद्यात आली असं कंडक्टर म्हणायचा.

एके दिवशी दोघी एकाच वेळी दारात उभ्या राहिल्या. आप्पांनी दोघींना आत घेतलं, पडदा त्यांच्याकडं वळवला, आणि हौसाबाईंचं नाव भरून दाखवलं. सुमनताईंचं उडालं. सुमनताईंचं भरलं. हौसाबाईंचं उडालं.

"बगा. तुमी येकमेकीचं खात न्हाई. ह्ये खातंय."

अकरा वर्षांत पहिल्यांदा हौसाबाई जावेशी बोलल्या. "माझी लागण आधीची हाय. माझं राहू दे. माझा ऊस गेला की मी सोता येऊन तुझं नाव घालती."

पद्धत चांगली होती. हौसाबाईंचा ऊस फेब्रुवारीत गेला. त्या दिलेल्या शब्दाप्रमाणे आल्या, आप्पांनी सुमनताईंचं नाव भरलं, आणि प्रोग्रामनं लाल अक्षरांत सांगितलं की या गटाची तोड पूर्ण झाली आहे, आता इथे ऊस शिल्लक नाही.

सुमनताई खुर्चीत बसल्या. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, मी सकाळी तेच्यातनंच आले. डोक्याच्या वर दोन हात हाय. आन् ह्ये म्हनतं न्हाईच?"

"ताई, तुमचा ऊस गेल्याबिगर मी ह्या हापिसातनं उठत न्हाई," आप्पा म्हणाले. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा हंगाम होता. एकतीस मार्चला निवृत्ती. कारखाना बंद व्हायला पाच आठवडे राहिले होते, आणि सुमनताईंसारखे अजून साठ-सत्तर जण आमच्या गटऑफिसाखाली होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला घेऊन पुण्याला निघाले. खांद्यावर उसाची मोळी, शेंड्याच्या हिरव्या वाढ्यांसकट. एसटीत ती आडवी ठेवली तर ड्रायव्हरच्या कानात वाढं जायचं आणि मागच्या सीटवरचा माणूस उसाचं बूड धरून बसायचा. कंपनीच्या काचेच्या इमारतीत वॉचमन म्हणाला, हे आत नेता येणार नाही. आप्पा म्हणाले, "मग तुजा सायेब भायेर आन." वॉचमननं दोन्हींचा विचार केला आणि ऊस आत जाऊ दिला.

अनिकेत समोर आला तर मिसरूड फुटलेलं नम्र पोरगं. त्यानं आम्हाला कॉफी दिली. आप्पांनी त्याच्या टेबलावर ऊस ठेवला. "ह्यो बग. न्हाई म्हनतोस तो ह्यो." आजूबाजूची पोरं-पोरी जमली. उसाचा प्रोग्राम लिहिणारी ती तीस डोकी, त्यातल्या एकालाही ऊस दातानं सोलता येईना. एकानं विचारलं, "काका, याचं साल काढायला ॲप असतं का?" हे मी पदरचं घातलेलं नाही. बाकीचं थोडंफार घातलं असेल.

तिथं एका भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. वरची चिठ्ठी आधी, खालची नंतर. आप्पा बराच वेळ त्या भिंतीसमोर उभे राहिले. वर काय होतं? फुग्यांचा रंग. फोटोची फिरण्याची गती. आमची चिठ्ठी पार खाली, फरशीपासून वीतभर वर, फडक्याच्या पाण्यानं शाई ओघळलेली. मी कॉफीचा कप ठेवायला वळलो तेवढ्यात आप्पांनी ती काढली आणि सगळ्यात वर, फुग्यांच्या डोक्यावर चिकटवली. मग इतक्या निष्पाप चेहऱ्यानं पाणी प्यायला गेले की मलाच संशय आला, मीच तर लावली नाही ना?

दोन दिवसांनी अनिकेतचा फोन. "सर, गुड न्यूज! तुमचा इश्यू टॉपला आलाय!" तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तो टॉपला कसा आला हे शोधायला मीटिंग झाली होती. कारण सापडलं नाही, म्हणून चिठ्ठी परत खाली लावली होती.

त्या दिवशी आप्पा एक शब्द बोलले नाहीत. कबुतरं गोंधळून जागेवरच बसून राहिली.

संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "चेरमनचा ऊस यवतला किती हाय?"

"चार एकर."

"गटात येकलंच हायेत?"

मला उजेड पडायला वेळ लागला. चेअरमनसाहेबांना सख्खा धाकटा भाऊ होता. गट एकच. भावानं ऊस लावला होता, पण दोघे कारखान्याच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्धच्या पॅनेलात उभे राहिल्यापासून तो नोंदीला फिरकला नव्हता. आप्पांनी त्याला फोन केला. 'तुमची नोंद राहिलीय, करू का?' म्हणून विचारलं. 'करा' म्हणाला. कारखान्याच्या सगळ्या ऑफिसांत प्रोग्राम एकच, त्यामुळे आप्पांनी इथूनच केली. खोटं एक अक्षर नाही. नियमात बसून, तारखेसकट, सही घेऊन.

आणि चेअरमनसाहेब जगातून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानाची चिठ्ठी भावाच्या नावानं निघाली. फिरता फोटो चेअरमनचा, खाली नाव विरोधकाचं. साडेदहाला कारखान्यावरून पुण्याला फोन गेला. अकराला कंपनीचा मालक स्वतः उठला. दुपारी अडीचच्या आत प्रोग्राम दुरुस्त! दहा महिने फरशीजवळ ओली होत पडलेली चिठ्ठी चार तासांत पी-वन झाली. अनिकेतनं आनंदानं लगेच फोन केला. "सर, फिक्स लाइव्ह आहे!"

आप्पांनी चेअरमनचा गट उघडला. दोन्ही भाऊ गुण्यागोविंदानं नांदताना दिसले, जे त्यांच्या आईलाही कधी दिसलं नव्हतं. मग आप्पांनी सुमनताईंचा गट उघडला.

लाल अक्षरं. ऊस शिल्लक नाही.

"सर, हा फिक्स त्या एका गट नंबरपुरता आहे," अनिकेत म्हणाला. "बाकीच्यांसाठी नेक्स्ट रिलीज."

मला वाटलं, आता छप्पर उडणार. आप्पा हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि ते डरकाळीपेक्षा भयंकर होतं.

"म्हंजी त्या गटात किती बी नावं चालत्याल?"

"हो सर. आता लिमिट नाही."

"तोड झाली तरी बी?"

"तो चेक आम्ही तिथं काढून टाकलाय सर. चेअरमनसाहेब आहेत ना."

आप्पांनी फोन ठेवला, बाह्या सारल्या आणि भरायला बसले. सुमनताई, चेअरमनच्या गटात. त्यांच्यामागे साठ-सत्तर भाऊ, पुतणे, चुलते, सगळे चेअरमनच्या गटात. चार एकरात आमचा अर्धा तालुका मावला. प्रोग्राम सगळं गपगुमान घेत होता. कुणाकुणाच्या नावावर फुगे उडत होते.

अडचण एवढीच, की चिठ्ठीवर सगळ्यांचं शेत यवतला. पहिल्याच सकाळी आमचा मुकादम चिठ्ठी वाचून, टोळी आणि दोन ट्रॅक्टर घेऊन थेट यवतच्या रस्त्याला लागला. आप्पांनी त्याला मोपेडवरून चौफुल्याला गाठला. "चिठ्ठीवं इस्वास ठेवू नगं," आप्पा म्हणाले, "माझ्या मागनं चल." त्या दिवसापासून रोज पहाटे आप्पा पुढं, टोळी मागं. कुणाचं रान कुठं आहे ते त्यांच्या डोक्यात होतंच. कपाटातली वही त्यांना कधी लागलीच नव्हती.

तीन आठवड्यांत सगळ्यांचे ऊस गेले. सुमनताईंची लागण सगळ्यांत शेवटची, म्हणून पाळी शेवटची. त्यांचा ऊस तुटायच्या आदल्या दुपारी अनिकेतचा फोन आला. चार एकरात एवढे शेतकरी कसे, हे त्यांच्या मशीनला खटकलं होतं. त्यांनी कुणी न सांगता, कुणी न मागता, कुठलीही चिठ्ठी न चिकटवता तो दोष त्याच दिवशी काढला होता. अपडेट थोड्याच वेळात येत होतं. त्यानंतर चेअरमनच्या गटात दोनच नावं राहणार होती.

आप्पांनी खाली वाकून इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली आणि खिशात घातली. मग सुमनताईंची चिठ्ठी छापली.

"आप्पा, कारखान्याच्या गेटवरच्या मशीनमधी तर अपडेट आलं आसंल," मी म्हणालो. "तिथं गाडी उभी करत्याल की."

"म्हनून तर मी जानार हाय."

पुढचं आधीच सांगून टाकतो. गेटवर गाडी अडवली. आप्पा ट्रॅक्टरच्या पुढ्यात मोपेड आडवी लावून बसले. मागं दीड किलोमीटर उसाच्या गाड्यांची रांग लागली. माझ्या हिशेबानं ती रांग दौंड स्टेशनपर्यंत पोचली असती, पण संध्याकाळी काटावाल्यानं मुकाट हातानं नोंद करून ऊस उतरवून घेतला. सुमनताईंच्या वजनाची पावती कागदावर, निळ्या शाईनं. आप्पांना निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना निलंबित केलं. निरोप नाही, नारळ नाही. ते केंदूरला गेले आणि पुन्हा ऑफिसची पायरी चढले नाहीत. अनिकेतनं त्यांचं तिकीट 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही' असं लिहून बंद केलं. दोष आजही जागच्या जागी आहे. या महिन्यात फुग्यांना आवाज दिलाय.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. सुमनताईंच्या रानातून भरलेला ट्रॅक्टर डुलत डांबरीवर आला. ट्रेलरच्या मागून वाढ्यांचा हिरवा शेपटा रस्त्यावर लोळत होता. दोघी जावा बांधावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. आप्पांनी मोपेडला किक मारली, मुकादमाला हात केला आणि पुढं लागले. मोपेड त्यांनी मुद्दाम हळू ठेवलेली, त्यामुळे तो अजस्र ट्रॅक्टर त्यांच्यामागून पाऊल मोजत चाललेला. समोरून येणारी प्रत्येक गाडी आप्पा डावा हात वर करून बाजूला घेत होते, आणि ती घेतली जात होती. एक बस थांबली, दोन ट्रक थांबले. वळणावर त्यांनी मान वळवून ट्रेलर आहे ना, एवढं बघितलं. मग उसामागं ते दिसेनासे झाले, तरी तो हात बराच वेळ वर दिसत होता.